दोन अंश मिळवा

मार्च लागला की बसवनगुडीच्या आतल्या रस्त्यांवर होंगेच्या फुलांचा सडा पडतो. होंगे हे कन्नड नाव, म्हणजे करंज. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात खरी, पण या झाडाचं मराठी नाव मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तरी तोंडात बसलं नाही. फुलं म्हणजे चुरमुरे सांडावेत तशी. सकाळी झाडून टाकावीत तर दुपारपर्यंत पुन्हा तेवढीच. पूर्वी मला ती आवडायची. आता ती पडायला लागली की मानेपासून उजव्या खांद्यापर्यंत एक कळ येते आणि मी मनात म्हणते, आली बाई परीक्षा.

परीक्षेशी माझा आता काही संबंध उरलेला नाही. शाळा सोडून किती वर्षं झाली ते मोजायचाही कंटाळा येतो. पण शेजारची नंदिनी सातवीत आहे आणि ती रोज संध्याकाळी कंपासपेटी घेऊन आमच्या कट्ट्यावर येऊन बसते. परवा तिने एका त्रिकोणाचे तीन कोन मोजले, बेरीज केली, ती एकशे त्र्याऐंशी आली. तिने ओठ मुडपले, रबर हातात घेतला आणि म्हणाली, "आजी, एकातून तीन कमी करते. सरी होईल." सरी म्हणजे बरोबर, ठीक. मी तिच्यावर इतकी ओरडले की तिची आई खिडकीतून डोकावली. तीन अंशांसाठी एवढं काय, असं त्या बाईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिचंही खरंच होतं म्हणा. नंतर मी नंदिनीला चिक्कीचा तुकडा दिला आणि तिन्ही कोन पुन्हा मोजायला लावले. ओरडण्याचं कारण काही सांगितलं नाही. ते इथे सांगते.

साठ सालच्या आगेमागे मी पस्तिशीची होते आणि मुलींच्या एका कन्नड मिडल स्कुलात गणित शिकवत होते. शाळा घरापासून चालत वीस मिनिटांवर. पहाटे पाचला नळ येई, तो गेला की दिवसभर ठणठणाट. हे पहिल्या पाळीला सायकलवरून कारखान्यात जात. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या आणि त्यांचा पाय काही केल्या जुळत नव्हता. त्यांचं सगळं अंथरुणात. दोन मुलांच्या वेण्या-भांग, डबे, सासूबाईंचं अंग पुसणं, हे सगळं उरकून मी निघे तेव्हा माझा दिवस खरं तर संपलेला असे आणि शाळेची घंटा व्हायला अजून अर्धा तास असे. त्यातच आमच्या शाळेतल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि आठवीच्या दोन तुकड्या माझ्या एकटीच्या गळ्यात आल्या. चौपन्न मुली, एक फळा, आणि कोन.

मी थकले होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्याला दुसरं काही कारण नाही. लोक म्हणतात, चूक अज्ञानाने होते. माझी अज्ञानाने झाली नाही. मला सगळं ठाऊक होतं.

भूमिती मला आवडायची, आणि शिकवायलाही आवडायची. अंकगणितात मुली घोकतात, भूमितीत बघतात. कोन म्हणजे काय हे मी वर्गाचं दार उघडून शिकवत असे. दार चौकटीला टेकलेलं, शून्य. एवढं उघडलं, लघुकोन. सरळ बाहेर आलं, काटकोन. पार भिंतीला जाऊन टेकलं की सरळकोन. बिजागरी किरकिरायची आणि पहिल्या बाकावरच्या मुली त्या आवाजावरून डोळे मिटून कोन ओळखायच्या. ज्या दिवशी अंगात जीव असे त्या दिवशी असलं काहीतरी होई. बाकीच्या दिवशी मी फळ्यावर काढे आणि त्या उतरून घेत.

आता एका लाकडी कोनमापकाचं. फळ्यावर कोन मोजायला शाळेत एक मोठा लाकडी कोनमापक होता, हातभर लांब, मधोमध धरायला मूठ. कंपासपेटी वर्गात सात-आठ जणींकडेच, त्यामुळे बाकीच्यांचं सगळं मोजणं फळ्यावरच व्हायचं. एकेकीला वर बोलवायचं, कोनमापक तिच्या हातात द्यायचा, ती टाचा उंचावून मोजायची. आदल्या पावसाळ्यात आमचा शिपाई नंजप्पा याने तो कोनमापक ऑफिसच्या खिडकीला टेकण म्हणून लावला. खिडकी वाऱ्याने आपटत होती, हाताला जे लागलं ते लावलं. पावसात भिजून त्याची डावी कड फुगली आणि टवका उडाला. पुढे बाकं दुरुस्त करायला सुतार आला तेव्हा नंजप्पाने स्वतःहून, कोणी न सांगता, तो त्याच्यापुढे ठेवला. सुतार मोठा मन लावून काम करणारा. त्याने टवका गेलेली बाजू रंध्याने अशी गुळगुळीत केली की हात फिरवत राहावं. डावीकडून चांगलं अर्ध्या इंचाचं लाकूड त्याने काढून टाकलं.

दिसायला कोनमापक नव्यासारखा झाला. पण पायाची कड तिरकी झाली होती. जूनमध्ये पहिल्याच दिवशी मी फळ्यावर काटकोन काढला, मोजला, अठ्ठ्याऐंशी आला. साठाचा काढला, अठ्ठावन्न. सगळीकडे दोन कमी. मी वर्गाला तिथल्या तिथे सांगितलं की याची कड बिघडली आहे, म्हणून येईल त्यात दोन मिळवायचे. कोन उलट्या बाजूने मोजला तर दोन वजा करावे लागत. त्या भानगडीत मुलींना कशाला घाला, म्हणून नियम करून टाकला: नेहमी उजवीकडूनच मोजायचं आणि नेहमी दोन मिळवायचे. हेडमास्तरांना अर्ज दिला. त्यांनी तो पुढच्या वर्षीच्या मागणीत घातला. मी सरी म्हटलं आणि वर्गावर गेले.

कारण मी एक दिवस सांगितलं. नियम मात्र वर्षभर म्हटला. कन्नडात तो अगदी तालात बसे, एरडु सेरिसि, दोन मिळवा. मुलगी फळ्यापाशी आकडा वाचे आणि मागून चौपन्न गळे एका सुरात म्हणत, एरडु सेरिसि. दिवाळीपर्यंत तर मला तोंड उघडावंच लागेना. मला त्याचं बरं वाटे. तेवढाच घशाला आराम.

याच वर्गात शकू होती. बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या शिंप्याची मुलगी. ही घरंही आमच्यासारखीच जुनी मराठी, इथे कधी आली ते त्यांना आणि आम्हाला दोघांनाही धड माहीत नाही. आमच्या मराठीला पुण्याचा पाहुणा हसतो, त्यांच्या मराठीला आमच्याकडचे हसत. शकू वर्गात मला टीचर म्हणे आणि कन्नडात बोले. रस्त्यात भेटली की अक्का म्हणे आणि मराठीत. ही वाटणी तिची तिनेच केली होती. अंगाने काडी, दोन घट्ट वेण्या, आणि तर्जनीला सुई टोचून टोचून आलेला घट्टा. ती शाळेत दोन आठवडे उशिरा आली होती, कारण लग्नसराई लांबली आणि घरात काजं-बटणांचा ढीग पडला होता.

समरूपता शिकवताना मी मुलींना कागद दुमडून कापायला लावले. कुणी फूल केलं, कुणी फुलपाखरू. शकूने घडी घातली, कात्री एकदाच फिरवली आणि उलगडलं तर अंगरखा, गळ्यासकट, बाह्यांसकट. वर्ग टाळ्या वाजवायला लागला. ती म्हणाली की घडीवर कापलं की दोन्ही बाजू सारख्याच येतात, पण अप्पा म्हणतात, कापड दुमडून जुळतं, माणूस दुमडून जुळत नाही. प्रत्येकाचा एक खांदा खाली असतो. हे तिने असं सांगितलं जणू वर्गातल्या सगळ्यांना ठाऊकच असावं. मी वीस वर्षं गणित करत होते आणि त्या दिवशी संध्याकाळी आरशासमोर पदर काढून उभी राहिले. खरंच, माझा उजवा खांदा वर होता. फळ्यावर लिहून लिहून.

आणखी एक दिवस आठवतो, संक्रांतीनंतरचा. हवेत गारवा होता, सासूबाईंना रात्री झोप लागली होती म्हणून मलाही लागली होती. जुन्या पेपरांचे त्रिकोण कापून मुलींना वाटले आणि म्हटलं, आता तिन्ही कोपरे फाडा आणि एकमेकांना लावून ठेवा. चौपन्न जणींपुढे चौपन्न सरळ रेषा आल्या. लांब त्रिकोण असो, बुटका असो, तिन्ही कोपरे मिळून सरळ रेषाच. मुली एकमेकींचं बघायला उठल्या, गलका झाला, शेजारच्या वर्गाच्या बाई येऊन बघून गेल्या. शकूने तिचे तीन तुकडे खळ लावून वहीत चिकटवले आणि खाली लिहिलं, एकशे ऐंशी, नेहमी. त्या एका तासासाठी मी मास्तरीण झाले असेन, असं आजही वाटतं. असे तास वर्षातून दोनतीनच.

शकूच्या बाबतीत गोष्ट सरळ होती. आठवीच्या सरकारी परीक्षेत आमच्या भागातल्या शाळांतून जी मुलगी पहिली येईल तिला हायस्कुलात मोफत जागा मिळे. तिच्या अप्पांनी मला दुकानात बसवून, कॉफी मागवून सांगितलं होतं की जागा मिळाली तर पाठवतो, नाहीतर मशीनवर बसेल. त्यात रागलोभ नव्हता. त्यांचे डोळे अधू व्हायला लागले होते आणि सुईत दोरा तीच ओवून देत असे. ती बाजूला बटणं लावत खाली मान घालून ऐकत होती. मी म्हटलं, ती पहिली येईल. अप्पा म्हणाले, "तुम्ही सांगता म्हणजे येईलच, अक्का." त्या गल्लीत माझ्या शब्दाला असा मान होता.

मार्चअखेरीला परीक्षा आली. केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. दुपारची वेळ, फाटकासमोर होंगेचं झाड, पायाखाली फुलं, आणि मी डोक्यावर पदर घेऊन उभी. गणिताचा पेपर सुटला. मुली धावत आल्या. मी नेहमीसारखं एकेक उत्तर विचारत होते. त्रिकोणाचा प्रश्न होता: छापलेल्या त्रिकोणाचे कोन मोजा, बेरीज लिहा. पहिली म्हणाली चौसष्ट, त्र्याहत्तर, एकोणपन्नास. दुसरीचेही तेच. तिसरी म्हणाली, सगळ्यांचे तेच आलेत टीचर, आणि मोठ्या कौतुकाने सांगितलं, आम्ही विसरलो नाही, तिन्हींत दोन मिळवले. मी मनात बेरीज केली. एकशे शहाऐंशी.

ऊन डोक्यात चढलं म्हणतात तसं झालं. परीक्षेत त्यांना केंद्राने पितळेचे छोटे कोनमापक दिले होते, चांगले, नीट, अचूक. त्यावर त्यांनी बरोबर मोजलं होतं आणि मग माझ्या शाळेतल्या मोडक्या लाकडाचे दोन अंश त्यात घातले होते. एकीनेही सोडले नव्हते. ज्यांना जूनमधलं कारण आठवत होतं त्यांनीही घातले. वर्षभर एका सुरात म्हटलेलं हातात उतरतं, डोक्याला विचारत नाही.

शकू सगळ्यांत शेवटी आली. कपाळावर आठी. मी तिला बाजूला घेतलं. तिला मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, आणि फाटकाबाहेर आल्यामुळे मराठीत म्हणाली, "अक्का, माझे पहिल्यांदा एकशे ऐंशीच आले होते."

"मग?"

"मग खोडले. दोन मिळवायचे राहिले होते ना."

मी विचारलं की बेरीज नेहमी एकशे ऐंशी येते हे तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं होतं, मग खोडलं का. तिने मला समजावून सांगितलं, हळू, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. अप्पा माप घेतात आणि कापताना त्यात थोडं मिळवतात, शिवणीत दबायला. ते जादा कापड ठेवलं नाही तर कपडा अंगात जात नाही. तिला वाटलं होतं, कोनाचंही तसंच काहीतरी असेल. मोजायचं ते मोजायचं आणि वर दोन ठेवायचे. का ठेवायचे ते मोठ्या वर्गात कळेल. जूनमध्ये मी कारण सांगितलं तेव्हा ती घरी काजं करत बसली होती, हे मला तिथे, त्या फुलांवर उभं राहून आठवलं. "तुम्ही सांगितलं होतं म्हणून," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोसलं असतं.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. सासूबाईंना पेज भरवली, मुलांना जेवू घातलं, हे जेवले, आणि स्वयंपाकघरातच पाटावर बसून लिहिलं. माझ्या वर्गाने त्या प्रश्नात केलेली चूक त्यांची नसून माझी आहे. शाळेचा कोनमापक सदोष आहे. मी दुरुस्ती तोंडी शिकवली आणि तिचं कारण पुन्हा सांगितलं नाही. परीक्षकांनी कृपा करून याचा विचार करावा. खाली सही. यांनी वाचून पाहिलं आणि म्हणाले, नोकरीवर येईल. मी म्हटलं, येऊ दे. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

पत्र परस्पर पाठवायचा नियम नव्हता, हेडमास्तरांमार्फत जावं लागे. त्यांनी ते दोनदा वाचलं. वाईट माणूस नव्हता तो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, घरात लग्नाची मुलगी. म्हणाले, "बघतो. राहू दे इथे." आणि टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटखाली ठेवलं. त्या पेपरवेटच्या आत एक हिरवं पान होतं.

आठवीची परीक्षा संपली तरी आम्हाला सुट्टी नव्हती. खालच्या वर्गांच्या परीक्षा, पेपर तपासणं, निकालपत्रं. तीन आठवडे रोज सकाळी मी मस्टरवर सही करायला त्या खोलीत जात होते. मस्टर टेबलाच्या या बाजूला, पेपरवेट त्या बाजूला. हिरव्या पानाखालून माझ्या पत्राची एक कड बाहेर आलेली. रोज दिसे. पहिल्या दिवशी वाटलं, आज पाठवतील. चौथ्या-पाचव्या दिवशी वाटलं, विचारावं. मग उगादी आली, कडुनिंब-गूळ झाला. मग सासूबाईंना ताप भरला. मग एक दिवस वळवाचा पाऊस येऊन गेला, इथे त्याला आंब्याचा पाऊस म्हणतात, खिडकी आपटली आणि नंजप्पाने पुन्हा तोच कोनमापक टेकण म्हणून लावला. मी बघितलं. सही केली आणि बाहेर पडले. एक वाक्य बोलायचं होतं. सर, ते पत्र. तेवढंसुद्धा मला उचलवेना. कुणाला सांगून पटणार नाही, पण माणूस दमला की मोठी ओझी कशीबशी उचलतो, लहान जागच्या जागी राहतात.

मे महिन्यात निकाल लागला. आमच्या सगळ्या मुली पास. हेडमास्तरांनी पेढे वाटले. शकू भागात दुसरी आली. पहिलीपेक्षा दोन गुण कमी. त्या त्रिकोणाच्या प्रश्नाला तीन गुण होते.

पत्र पोचलं असतं तर ते गुण मिळाले असते का, कोण जाणे. कदाचित कुणी वाचलंही नसतं. एका मोडक्या कोनमापकासाठी सरकार चौपन्न पेपर पुन्हा काढेल, असं मला तरी कुठे वाटत होतं. पण ते ठरवायचं काम माझं नव्हतं. माझं काम फक्त पाठवायचं होतं. ही बेरीज मी इतक्या वेळा केली आहे की आता आकडे झिजून गेलेत. निकालाच्या दिवशी मी ऑफिसात गेले तेव्हा टेबल आवरलेलं होतं आणि पेपरवेटखाली काही नव्हतं. मी तेव्हाही विचारलं नाही.

नवा कोनमापक दोन वर्षांनी आला. पिवळा, कोऱ्या वॉर्निशच्या वासाचा. पहिल्याच दिवशी मुलीने फळ्यावर नव्वद वाचले आणि मी म्हटलं, एरडु सेरिसि. वर्ग हसला. मीही हसले. जुना नंजप्पाने खिडकीला कायमचा ठोकून टाकला.

शिंप्याच्या गल्लीतून मी जाणं सोडलं होतं. बाजाराला जायला तीच वाट जवळची, पण मी देवळाकडून वळसा घाले. ब्लाउज दुसरीकडे शिवायला टाके. ते नेहमी उजव्या खांद्यावर ओढत आणि डावीकडे घसरत. मी ओढून ओढून सारखे करी. सात-आठ वर्षं अशी गेली. सासूबाई गेल्या, मुलं मोठी झाली, माझे केस पिकले. मग धाकट्या नणंदेच्या मुलीची मंगळागौर की काहीतरी होतं, माझा नेहमीचा शिंपी गावाला गेलेला, आणि दोन दिवसांत ब्लाउज हवा होता. नाइलाज झाला तेव्हाच मी त्या गल्लीत शिरले.

अप्पा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना आता माणूस आवाजावरून ओळखावा लागे. आत शकू होती. काडी राहिली नव्हती. गळ्यात टेप, कानामागे खडूचा चपटा तुकडा. मशीनला पाय लागलेलाच होता. मला पाहून थांबली आणि उठली. "या अक्का," म्हणाली. जणू मी गेल्या महिन्यातच येऊन गेले होते. भिंतीवर कापडांच्या पट्ट्या, इस्त्रीच्या निखाऱ्यांचा वास, आणि कापायच्या फळीवर तिने खडूने काढलेली वळणं. बाहीची, काखेची, गळ्याची. एकेक वळण असं की मी फळ्यावर दोरी लावूनही काढू शकले नसते. मला तिथे उभं राहून काहीतरी बोलायचं होतं, आणि मी कापडाचा पोत कसा आहे ते विचारत होते.

ती माप घ्यायला मागे आली. टेप मानेखाली लावला. तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच मला बोलता आलं असेल. मी सांगितलं. पत्र लिहिलं होतं, हेडमास्तरांकडे दिलं होतं, तीन आठवडे ते टेबलावर दिसत होतं आणि मी रोज बघत होते. एकदाही विचारलं नाही. कारण काही नाही. दमले होते. बाहेर अप्पा खोकले.

टेप माझ्या पाठीवर तसाच होता. मग शकू म्हणाली, "हात सैल सोडा अक्का. आवळून धरला की माप चुकतं."

मी हात सोडले. तिने डाव्या खांद्यावर टेप लावला, फळीवरच्या कागदावर आकडा लिहिला. मग उजव्या खांद्यावर लावला आणि वेगळा आकडा लिहिला. मला फरक दिसला, अर्ध्या इंचाचा. ओशाळून मी म्हटलं की दुसरे शिंपी एकच माप घेतात, तूही एकीकडचं घेऊन दुसरीकडे थोडं मिळवून टाकलंस तरी चालेल. तिने टेप गळ्यात टाकला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"नाही अक्का. माप आहे तसंच लिहायचं. मिळवायचं ते नंतर, कापताना." आणि अगदी साध्या आवाजात, "हे मी आता सगळ्यांना सांगते. शिकायला येणाऱ्या पोरींना तर पहिल्याच दिवशी. आणि रोज."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. तिने कापड दुमडलं नाही, दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखल्या आणि वेगवेगळ्या कापल्या.

तो ब्लाउज मी विरेपर्यंत वापरला. दोन्ही खांद्यांवर सारखा बसे. फळ्यापुढे हात वर केला तरी एकदाही ओढला नाही.